हाकेच्या अंतरावर

जिन्याखाली सायकलचं कुलूप काढून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं, आज सायकलची गरजच नाही.

दातांची लॅब आजपासून समोर होती. अगदी समोर, रस्ता ओलांडला की दार. काल संध्याकाळी तिनेच तिथल्या फळीवर मेणाचे डबे लावून ठेवले होते. कवळीत दात बसवायचं तिचं काम आता इतकं जवळ आलं होतं की गॅस बंद केला की नाही, हे बघायला मधेच घरी येता आलं असतं. अशा नोकरीसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात.

आणि हे सगळं नवऱ्याने जुळवून आणलं होतं. लॅबच्या जुन्या जागेचा करार संपतोय हे त्याने ऐकलं होतं. समोरचा गाळा रिकामा पडलेला त्याला रोज दिसत होता आणि बायकोची रोजची ये-जा त्याला बघवत नव्हती. त्याने लॅबच्या मालकांना गाठलं, हाताला धरून गाळा दाखवला आणि गंगेत घोडं न्हालं. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. तिने एकही डोळा मागितला नव्हता, पण हे सांगणार कोणाला? नवरा वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

सायकल गर्द हिरवी होती. तशी नवीकोरी, पण घडण आजोबांच्या काळातली. मागे वळलेलं हँडल, चामड्याची सीट, साखळीवर पूर्ण झाकण आणि पुढे वेताची टोपली. आणली त्या दिवशी नवऱ्याने विचारलं होतं, दुकानातल्या तरुण सायकली संपल्या होत्या का? सायकलला गिअर नव्हते, त्यामुळे चढ आला की उतरावं लागे. तिला उतरायलाही आवडायचं.

कुलूप हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. जुन्या लॅबचा रस्ता डोळ्यांसमोरून हलेना. पहिल्या वळणापर्यंत ती सून असायची, बायको असायची. डब्याचं झाकण घट्ट बसलं का, सासूबाईंची गोळी घ्यायची राहिली का, हेच डोक्यात. सुताराच्या कारखान्यापाशी ताज्या भुशाचा वास आला की ते सगळं मागे पडायचं. मग पुलाचा चढ, सायकल हातात धरून चालत. आणि पलीकडे उतार. उतारावर ती पाय थांबवायची. चाकं आपली आपण पळायची, कानात वारा भरायचा आणि पोटात काहीतरी हलकं हलकं व्हायचं. तिथे ती कोणाचीच कोणी नसायची. कधी कधी गाणं म्हणायची, तेही चांगलं मोठ्याने, कारण सायकलवरच्या बाईचं गाणं ऐकायला कोणी थांबत नाही. मग लॅबचं फाटक यायचं आणि कामाला हात लागायचे.

घर तिला आवडायचं, कामही आवडायचं. या दोन्हींच्या मधलं जे होतं तेच गेलं होतं. त्याला काही नाव नव्हतं, त्यामुळे ते परत मागायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

काल जेवताना सायकल पुतणीला द्यायचंही ठरलं होतं. उभी राहून गंजण्यापेक्षा पोरीला कॉलेजला होईल, असं नवरा म्हणाला आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ती मान हलवून मोकळी झाली. रात्री मात्र ती कूस बदलत राहिली होती. आज दुपारी दीर सायकल न्यायला येणार होते.

तिने समोर बघितलं. लॅबचं शटर अजून खाली होतं, कारण ती सवयीने जुन्याच वेळेला तयार झाली होती. तिने डबा टोपलीत ठेवला, सायकल रस्त्यावर आणली आणि पुढचं चाक सुताराच्या कारखान्याकडे वळवलं.

"अगं, तिकडे कुठे?" वरच्या खिडकीतून नवऱ्याची हाक आली. त्याच्या हातात चहाचा कप होता. "लॅब इकडे आहे." मग त्याला स्वतःलाच हसू आलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

शेजारच्या खिडकीतूनही कोणीतरी हसलं. एक पाय पेडलवर ठेवून ती थांबली. विसरले, सवय झाली आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग उद्या काय म्हणायचं? तिने वर बघितलं. डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने मान खाली घातली.

सासूबाई ओले हात पदराला पुसत खिडकीशी आल्या. त्यांनी खाली तिच्याकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिल्या.

"जाऊ दे तिला," त्या मुलाला म्हणाल्या.

तो गोंधळला. लॅब समोर असताना ती निघाली कुठे, आणि दुपारी सायकल न्यायला दादा येणार आहे त्याचं काय, असं त्याने विचारलं.

"दादाला कळव, सायकल द्यायची नाही." सासूबाई आता खाली बघत नव्हत्या, दूर पुलाकडे बघत होत्या. "पाणी आमच्या परसातल्या विहिरीलाही होतं रे. तरी मी रोज नदीवरच जायचे."