डावीकडचं कव्हर

दुसरं कव्हर काही केल्या चढेना. वरून ओढून घेतलं की खालून सुटायचं, खालून दाबलं की वरची शिवण करकरायची. ज्ञानदाने हात सोडले आणि ती मोटारीला टेकून उभी राहिली. साताऱ्याचं ऊन शेडच्या पत्र्यावर तापत होतं.

जुन्या मोटारीला दोन स्टेपन्या होत्या, पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या खोबणीत एकेक उभी. त्यांची काळ्या रेक्झिनची कव्हरं गाड्यांच्या सीटा शिवणारी जीनत कराडहून शिवून घेऊन आली होती. एवढंच काम उरलं होतं. संध्याकाळी सांगलीहून ट्रक येणार होता आणि गाडी नव्या मालकाकडे जाणार होती.

"वैनी, जरा दमा," जीनत म्हणाली. "लय ताणलं तर उसवंल. उनात ठेवू या, मऊ पडंल."

तिने कव्हर बाहेर कट्ट्यावर नेऊन पसरलं.

शेडच्या दारात, चाकाच्या खुर्चीत निमिष बसला होता. भंगारात पडलेली ही मोटार त्याने हौसेने घरी आणली होती. इंजिन, पत्रा, रंग, सगळं नवऱ्याला एकेक करून मार्गी लावताना ज्ञानदाने पाहिलं होतं. मग एका सकाळी दात घासता घासता त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून त्याच्याकडे मोजके शब्द होते. पाणी. हो. नको. कधी ज्ञानदाचं नाव, तेही अर्धं.

"नको," तो आता म्हणाला.

ज्ञानदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिलं कव्हर चढवल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. नको म्हणायचं आणि खुर्चीच्या दांड्यावर डावा हात आपटायचा. तिने पाणी विचारून पाहिलं, आत पंख्याखाली जायचं का विचारलं. नको. त्याला काय नको होतं ते तिला ठाऊक होतं. गाडी विकायचं तिने त्याला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. तेव्हा तो नुसता बघत राहिला होता.

जीनतने तापलेलं कव्हर आणलं, सहज सरकावं म्हणून आतून पुन्हा पावडर मारली. दोघींनी ते दोन बाजूंनी धरून टायरवर ओढायला घेतलं. अर्ध्यापर्यंत आलं. ज्ञानदाची बोटं चुरचुरत होती.

"नको," निमिष म्हणाला. हात आपटला. "डा... डा..."

ज्ञानदाने कव्हर सोडलं. ते सटकन निघून जीनतच्या हातात आलं.

"नको, तर मी काय करू?" ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायलाही अंगात जोर लागतो. "रात्री उठून तुला कुशीवर वळवायचं, सकाळी व्यायामाला न्यायचं, तिथून बँकेत धावायचं, आणि परत ही गाडी पुसायची, चालू करून ठेवायची. मला होत नाही आता, निमिष. काहीतरी एक कमी करू दे मला."

जीनत कव्हरवरची पावडर झटकत राहिली. झटकण्यासारखी फारशी नव्हती.

निमिषने खुर्चीचा ब्रेक लावला आणि डाव्या हातावर भार देऊन तो उठू लागला. ज्ञानदा धावली, काखेत हात घालून तिने त्याला धरलं. एक पाय टाकत, एक ओढत तो मोटारीपर्यंत आला, मडगार्डावर पोट टेकून वाकला. पहिल्या, आधीच चढवलेल्या कव्हरमागे त्याने हात घातला, चाचपडून बकल शोधलं आणि पट्टा सोडला.

"हे डावीकडचं आहे," तो म्हणाला.

वाक्य स्वच्छ होतं. पूर्वी बोलायचा तसं, थोडं चिडकं.

ज्ञानदा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जीनतने ते काढून दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी धरली. खोबणीत बसायचे त्यांचे काप एकमेकांच्या उलट होते.

"आवं, खरंच की," ती हळूच म्हणाली. "आतनं खडूची खूण केलती मी. पावडरीत गेली."

मग फार वेळ लागला नाही. कव्हरं अदलाबदल करून घातली तशी चपखल बसली. निमिष मडगार्डाला धरून उभाच राहिला. पुन्हा नको म्हणाला नाही.

ज्ञानदाला बसावंसं वाटत होतं, पण ती बसली नाही. हा इतका वेळ कव्हराबद्दल बोलत होता. गाडीबद्दल त्याच्या मनात काय होतं, हे तिला अजूनही माहीत नव्हतं.

सांगलीचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला. ड्रायव्हर आकाराम खाली उतरला, आत डोकावला आणि सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाला, घाई नाही, चहा घेऊन येतो कोपऱ्यावरून.

तो गेल्यावर ज्ञानदा निमिषसमोर येऊन उभी राहिली.

"गाडी देऊ या ना?" तिने विचारलं. "नको असेल तर नको म्हण. मी ट्रक परत पाठवते."

निमिषचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मघाचं वाक्य कुठून आलं होतं, ती वाट त्याला पुन्हा सापडेना. शेवटी त्याने तोंड मिटलं, डावा तळवा मडगार्डावर ठेवला आणि फाटकाच्या दिशेने गाडी ढकलली.

त्याचा तोल जातोय असं वाटून ज्ञानदाने त्याला सावरायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला. पुन्हा तळवा टेकला, पुन्हा ढकलली. गाडी तसूभरही हलली नाही.

ज्ञानदाने दार उघडलं आणि आत वाकून हँडब्रेक सोडला.