धुळीचं पॅनल

कॉलेजच्या गच्चीवर हर्षला सारखी येरझारा घालत होती. समोर दोन सोलर पॅनल होती. एक रोज पुसलेलं, दुसरं दिवाळीपासून मुद्दाम धूळ खात ठेवलेलं. धुळीनं वीज किती घटते, याचं शेवटचं मोजमाप आज व्हायचं होतं, आणि ढग काही हलत नव्हता. गावाहून आलेली आई तिची घालमेल बघत बसली होती.

ऊन पडताच हर्षला सरांना बोलवायला धावली. परतली, तर धुळीचं पॅनल लख्ख!

"सर यायच्या आत पुसून टाकलं गं बाई," आई म्हणाली. "केवढं माखलं होतं!"

हर्षलाच्या डोक्यात सणक गेली. तेवढ्यात आई मळलेला पदर झटकायला कठड्याकडे वळली.

"थांब!" हर्षला किंचाळली. मग आवाज खाली आला. "झटकू नकोस, आई. माझा अख्खा हिवाळा आहे त्यात."