नामांकित

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात व्यंकटीनं कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि कॅमेऱ्याकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"लातूर शहरातील एका नामांकित क्लासच्या वसतिगृहात विद्यार्थिनींना जेवणातून विषबाधा..."

मागच्या वॉर्डात पोरी ओकत होत्या. तो आवाज माइकमध्ये येत होता. चॅनलच्या डेस्कनं कानात सांगितलं, जरा पुढं सरक. तो सरकला.

लाइव्ह संपलं तेव्हा खांद्यावर टॉवेल टाकलेले एक गृहस्थ समोर उभे होते. शेषेराव. निलंग्याकडून पहाटेच्या गाडीनं, घरात कुणाला न सांगता आले होते. त्यांची आरती आत सलाइनवर होती.

"साहेब, नाव राहिलं."

"कशाचं?"

"क्लासचं. शिखरवेध. तुम्ही नुसतं नामांकित म्हणलाव."

"मामा, असंच म्हणायचं असतं."

शिक्षणाच्या बातम्या करता करता व्यंकटीला हा नियम पाठ झाला होता. निकाल लागला की क्लासचं नाव, सरांचं नाव, सरांच्या मातोश्रींचं नाव. आणि पोरीच्या तोंडात पेढा नीट गेला नाही तर तो परत भरवून घ्यायचा. पोरी आजारी पडल्या की क्लास नामांकित. शब्द मोठा सोयीचा. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचा मानही राखायचा, हे दुसऱ्या कुठल्या शब्दाला जमलं नसतं.

"आमच्या भागातल्या लई पोरी हायत तिथं," शेषेराव म्हणाले. "सांजच्याला पुन्हा तोच आचारी भात टाकणार. मायबापाला कळाया पाहिजे. नाव घ्या."

"चौकशी चालू आहे, मामा. पंचाक्षरी सर म्हणतात, वातावरणातल्या बदलामुळं झालं. क्लास त्यांचाच आहे."

"भातात पाल निघाली. आरतीनं दाखवली, तर वाढपी म्हणला, वांगं हाय, खा."

सकाळीच व्यंकटीनं सरांच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यावर त्यांचा बाइट घेतला होता आणि पोहे खाल्ले होते. पोहे वसतिगृहाच्या त्याच मेसमधून आले होते.

समोरच्या मेडिकलमधल्या टीव्हीवर त्याचीच बातमी पुन्हा लागली. वर त्याचा गंभीर चेहरा. खाली सरकती पट्टी: शिखरवेध, रिपीटर बॅच, प्रवेश सुरू, मुलींसाठी घरच्यासारखं जेवण.

शेषेरावांचा फोन वाजला. गलक्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. गावाकडून त्यांचा मेहुणा वीरभद्र बोलत होता.

"दाजी, टीव्ही बघितलाव का? मी स्टँडावर हाय, हॉटेलात बघितलं. लातुरात कुण्या नामांकित क्लासात पोरींना जेवणातून बाधलं म्हणं. माझं तर काळीजच हललं. आमची दीपमाला त्या स्टेशनाकडल्या क्लासात हाय न्हवं? ते बी लई नामांकित म्हणतेत."

"वीरभद्रा, ऐक..."

"आधी माझं ऐका. ही गाडी लागली बघा. येतो, तिचं सामान उचलतो, अन् आजच्या आज शिखरवेधला टाकतो. आपली आरती हाय तिथं, मग घोर न्हाई. पट्टी बी येऊन राहिली खाली, घरच्यासारखं जेवण म्हणून. तुम्ही फकत त्या सरांच्या कानावर घाला."

हातातला फोन शेषेरावांनी पुढं केला आणि माइकसारखा व्यंकटीच्या तोंडासमोर धरला.

"सांगा, साहेब. तुम्हीच सांगा."

"हॅलो," फोनमधून वीरभद्र म्हणत होता, "दाजी, कोणता क्लास व्हता तो? कळलं का काई?"

व्यंकटीनं सवयीनं कॉलर नीट केली आणि घसा खाकरला.