झोपेत पहिली

झोपेच्या परीक्षेत शलाका पुन्हा पहिली आली, तेव्हा नूपुरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

अभ्यासाच्या ओझ्याखाली पोरं कोलमडू लागल्यापासून विद्यापीठाने विश्रांतीलाही शंभर गुण ठेवले होते. विद्यार्थी असोत की प्राध्यापक, मनगटावर झोप मोजणारा पट्टा सगळ्यांना सक्तीचा होता. नापास होण्याच्या धास्तीने नूपुरची होती नव्हती ती झोपही उडाली होती. आणि तिच्याच खोलीत राहणारी शलाका? डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सदानकदा पुस्तकात डोकं, आणि झोपेत नव्व्याण्णव!

"एवढी झोपतेस तरी कधी गं?"

"जमतं गं," म्हणत शलाकाने बाही मनगटावर ओढली.

नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी शलाका दुधाची वाटी घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर निघाली, तशी नूपुरही मागोमाग गेली. टाकीच्या सावलीत बासुंदी नावाची मांजर गाढ झोपली होती. तिच्या पुढच्या पायात शलाकाच्या नावाचा पट्टा होता.

"शी! कसली लबाड आहेस! आत्ताच्या आत्ता बोधनकर मॅडमना सांगते," नूपुर कडाडली. विश्रांतीचा विषय मॅडमच शिकवायच्या.

"सांग की," शलाका म्हणाली. "पण आधी तिचे बाकीचे पाय बघ."

नूपुर वाकली. चारही पायांत पट्टे होते. शेवटच्यावर नाव होतं, 'प्रा. बोधनकर'.

मग तिने हळूच आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला. बासुंदीची शेपटी तेवढी मोकळी होती.