पेचकस

फैजपूरला पंप दुरुस्त करत पन्नाशी गाठलेल्या नवलनानांना यंत्रातच बिघाड शोधायची सवय. दर रविवारी जळगावच्या शूटिंग रेंजवर छर्रा हुकला की खिशातून पेचकस काढून पिस्तुलाचा नेम सरकवायचा स्क्रू पिळायचे. आज कोच हेमांगीनं पेचकसच मागून घेतला. त्यांच्याच पिस्तुलानं तिनं मधोमध नेम धरून पाच छर्रे मारले. पाचही एकाच भोकातून गेले, पण भोक पडलं कागदाच्या डाव्या कोपऱ्यात. “नाना, पिस्तूल ठणठणीत आहे. स्क्रू पिळून जिथं नेलंत, तिथंच मारतंय. तसाच नेम धरा, हात स्थिर असेल तर तुमचेही कोपऱ्यातच जायला हवेत.” “पहिले स्क्रू सीधा करू द्या, ताई.” “नाही.” नाना चडफडत उभे राहिले. पाच छर्रे सुटले, भोकं चहूकडे पांगली. एक मधोमध, दहा गुणांच्या ठिपक्यावर, वर्षभरात पहिल्यांदाच. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या भोकाचाच नानांना सगळ्यांत जास्त राग आला.