लोखंडाचे माहेर

मुलगा वारल्यापासून वृद्ध लोहार कारखाना विकायला निघाले होते. निर्दोष कडे घडवलेस तरच थांबेन, असे त्यांनी सुनेला बजावले होते. तिने सारे बळ लावून सपाट लोखंडी पट्टी साच्याभोवती वळवली. पण हात सोडताच कड्याचे तोंड फाकले. “लोखंडालाही माहेर आठवतं, सूनबाई,” सासरे म्हणाले. “सोडलं की सरळ व्हायला धावतं. हवं त्याहून जास्त वळवायचं.” “मलाही असंच वळवलंत वाटतं, मामंजी?” “तू कसली वळतेस!” दोघेही हसले. तिने लहान साचा घेतला. या वेळी टोकाला टोक अचूक भिडले. सासऱ्यांनी कडे जमिनीवर उभे धरून हलकेच ढकलले. सदोष कडे डगमगून पडते. हे मात्र संथ, सरळ निघाले आणि दारातून थेट रस्त्यावर उतरले. म्हातारबुवा अनवाणीच ओरडत मागे धावले, “सरका, सरका! सूनबाईंच्या कारखान्याचं कडं येतंय!”