काट्याचं न लिहिलेलं पान

मिलचा वजनकाटा सुरू झाला असता तर शरणम्माचा फायदा मोठा होता. लकवा मारल्यापासून तिचा नवरा बसवराज भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. 'तुमच्याबिगर मिल अडलीया' असं रोज सकाळी सांगून ती त्याला उठवायची, बसवायची, हात हलवायला लावायची. आज ते बोलणं खरं झालं होतं. मालकाची जीप आपणहून दारात आली, तेव्हा तिनं त्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि कानात अत्तराचा बोळाही ठेवला, आणि स्वतःही सोबत जीपमध्ये बसली.

उदगीरच्या त्या डाळमिलमध्ये तुरीनं भरलेले ट्रक वजनकाट्यापाशी खोळंबले होते. वजनाचा प्रोग्रॅम बसवराजनंच लिहिलेला. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, आणि पुन्हा चालू करताना त्या प्रोग्रॅमला काय काय सांगायचं हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं ते ठाऊक होऊच दिलं नव्हतं. हाताखालचा विनोद कैकदा म्हणाला होता, "काका, जरा लिवून ठिवा की." त्यावर बसवराज हसायचा. "लिवून ठिवलं तर मालक मला कशाला ठिवंल रे?" हिशोब चोख होता. त्यात आजारपण तेवढं धरायचं राहिलं.

"बसा, काका." विनोदनं खुर्ची पुढं केली. मालक दयानंदशेठ उभेच राहिले.

काळ्या पडद्यावर बसवराजनं डाव्या हातानं एकेक अक्षर दाबलं. 'व्हेअरइज काटा.' प्रोग्रॅम कुठं ठेवलाय आणि त्याची माहिती कुठं ठेवलीय, हे दोन्ही कॉम्प्युटर अशा वेळी एका ओळीत सांगतो. ओळ आली. प्रोग्रॅमचा ठावठिकाणा होता. पुढं काही नव्हतं.

मग त्यानं 'मॅन काटा' दाबलं, म्हणजे माहितीचं पान उघड. असं पान नाही, असं उत्तर आलं.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"हे... कुणी..." त्याची जीभ अडखळली. "कुणी लिवलं न्हाई?"

विनोदची ही बोलून घ्यायची हक्काची वेळ होती. त्यानं मान खाली घातली. "ऱ्हायलं असंल, काका."

"आन् डोक्यात?" शेठ म्हणाले. "डोक्यात तर असंल न्हवं, बसवराज?"

बसवराज पडद्याकडं बघत राहिला, परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखा.

"री, चला घरी," शरणम्मा नवऱ्याला कानडीतल्या 'अहो'नं हाक देत म्हणाली.

शेठचं नुकसान संध्याकाळपर्यंत भरून निघणार होतं. शेजारच्या मिलचा काटा मिळाला होता, नवा प्रोग्रॅम बसवायला लातूरहून माणूस निघाला होता. विनोदला खुर्ची मिळणार होती. त्याला ती हवी होती, पण अशी नव्हे.

जीप फाटकाबाहेर पडली. शरणम्मा नवऱ्याच्या कानाशी वाकली. "सुरू झाला, री. तुमी दाबलं आन् झाला बगा."

मागून तुरीचे ट्रक भरलेले तसेच, दोरसुद्धा न सोडता, बाहेर पडून शेजारच्या मिलकडं वळत होते. बसवराजनं मान वळवून ते पाहिले. शेवटचा वळेपर्यंत पाहिले. मग बायकोकडं बघून म्हणाला, "व्हय."

तेवढं एक तो न अडखळता बोलला.